पितळेचा साप, धाब्याचं घर आणि आपण: बायबलमधली प्रतीकं वाचायची कशी?

 

हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना मधे मधे आलेले 'म्हणजे' आणि 'बरं का' जरा कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय. जळगाव-धुळे एसटीत बसलात, इयरफोन घरी राहिलाय, किंवा दिवसाचा डेटा संपत आलाय, तर निवांत वाचा. बायबलचे संदर्भ अध्याय आणि वचनासकट दिलेत. मी म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः उघडून बघा.

आजचा प्रश्न

तरुण मंडळींकडून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो, पण मुद्दा एकच असतो. "बायबलमधली गोष्ट म्हणजे घडलेली घटना, की तिच्यात काही आतला अर्थ दडलेला आहे? आणि आतला अर्थ असेल तर तो बरोबर की चूक, हे कोण ठरवणार?"

प्रश्न साधा वाटतो, पण आजकाल तो फार महत्त्वाचा झालाय. सकाळी मोबाइल उघडला की एक रील सांगतं, दावीद आणि गल्याथाची गोष्ट म्हणजे तुमची स्पर्धा परीक्षा आहे, पाच गोटे म्हणजे पाच विषय. दुसरं रील सांगतं, अमुक आकड्यात शेवटच्या काळाची खूण आहे. तिसरा मेसेज फॅमिली ग्रुपवर येतो: अमक्याच्या घरी आजारपण आलं, म्हणजे बघा, जुन्या करारात काय लिहिलंय. यातलं पहिलं फार तर हसण्यावारी नेता येईल. तिसऱ्याने मात्र एखाद्या घराचं खरंच नुकसान होतं. म्हणून आज हा विषय मुळापासून बघू.

खानदेशाला प्रतीक शिकवावं लागत नाही

सुरुवात बायबलपासून न करता आपल्या मातीपासून करतो.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी. जन्म १८८०, निधन १९५१. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर बसताना, शेतात काम करताना त्यांना ओव्या सुचायच्या आणि घरच्यांनी त्या टिपून ठेवल्या. त्यांच्या जाण्यानंतर मुलगा सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांच्यामुळे १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. बहिणाबाईंनी सुगरणीचं घरटं पाहिलं आणि त्यात आईची माया पाहिली. पिकात शिरणारं मोकाट गुरू पाहिलं आणि त्यात माणसाचं मन पाहिलं. आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. घरटं आधी खरं घरटं आहे. पक्षी खरा आहे, त्याची वीण खरी आहे. बहिणाबाईंनी आधी घरटं नीट पाहिलं, म्हणून त्यातून अर्थ उगवला. न बघता उपमा दिली असती, तर ती आज कुणाला आठवलीही नसती.

दुसरं उदाहरण धुळ्याचं. १९३२ मध्ये धुळे जेलमध्ये विनोबा भावे दर रविवारी सोबतच्या कैद्यांसमोर गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. त्याचंच पुढे 'गीता प्रवचने' झालं. म्हणजे बोललेलं लिहून काढायचं काम आपल्या धुळ्यात तेव्हाच होऊन गेलंय, आपण तर आता आलो! सोळाव्या अध्यायावर बोलताना विनोबा दैवी आणि आसुरी वृत्तींची जी लढाई सांगतात, ती माणसाच्या आत चालणारी आहे. रणांगण बाहेरही असतं आणि आतही, हे ऐकणाऱ्या कैद्यांना वेगळं समजवावं लागलं नसेल.

तेव्हा भो, 'आतला अर्थ' ही काही परदेशातून आलेली वस्तू नाही. आपल्याला तो कळतो. फक्त बायबल वाचताना त्याची शिस्त कुठली, एवढंच शिकायचं आहे.

बायबल स्वतःच प्रतीक उलगडून दाखवतं

काही लोक म्हणतात, "जे लिहिलंय ते लिहिलंय, प्रतीक-बितीक काही नाही." पण बायबलच तसं म्हणत नाही. चार ठिकाणं बघा.

पहिलं, पेरणाऱ्याचा दाखला, मत्तय १३. येशूने गोष्ट सांगितली आणि पुढे १८व्या वचनापासून तिचा अर्थही स्वतःच सांगितला. बी म्हणजे राज्याचं वचन, चार प्रकारची जमीन म्हणजे ऐकणाऱ्यांची चार प्रकारची मनं.

दुसरं, योनाची गोष्ट. मत्तय १२:४० मध्ये येशू म्हणतो की योना जसा तीन दिवस माशाच्या पोटात होता, तसं मनुष्याच्या पुत्राचं होईल. जुन्या कराराची गोष्ट इथे पुढच्या घटनेची खूण झाली.

तिसरं, पौल. गलतीकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तो हागार आणि सारा या दोघींची गोष्ट घेतो आणि उघड सांगतो की तिच्यात रूपक आहे, या दोघी म्हणजे दोन करार.

चौथं सगळ्यात भारी आहे: पितळेचा साप. त्याच्यावर जरा थांबू.

पितळेच्या सापाची पूर्ण गोष्ट

गणना २१. इस्राएल लोक रानात आहेत, कुरकुर करतायत, अन्नाला नावं ठेवतायत. साप येतात, माणसं मरतात. लोकांना पश्चात्ताप होतो. देव मोशेला सांगतो, साप बनव आणि काठीवर लाव. ज्याला साप चावला त्याने त्याच्याकडे पाहावं, तो जगेल. मोशे पितळेचा साप करतो.

योहान ३:१४ मध्ये येशू रात्री भेटायला आलेल्या निकदेमाला म्हणतो की मोशेने सर्प जसा उंच केला, तसं मनुष्याच्या पुत्राला उंच केलं जाणं भाग आहे. इथे अर्थ उघड होतो. ज्याने मरण आलं त्याचंच रूप उंचावर टांगलं गेलं, आणि बघणाऱ्याला जीवन मिळालं. वधस्तंभाचंही तसंच: शिक्षेचं लाकूड, आणि तिथूनच तारण. जगण्यासाठी माणसाला काही कमवायचं नव्हतं, विश्वासाने बघायचं होतं.

बहुतेक उपदेश इथे संपतात. पण गोष्ट इथे संपत नाही. २ राजे १८:४ उघडा. शेकडो वर्षांनी यहूदाचा राजा हिज्कीया हाच पितळेचा साप फोडून टाकतो. का? कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते. देवानेच करायला सांगितलेली वस्तू, मोशेच्या हातची वस्तू, आणि एका देवभक्त राजाने तिचे तुकडे केले. बायबल त्याबद्दल राजाला दोष देत नाही, उलट त्याचं कौतुक करतं.

मंडळी, प्रतीक वाचण्याचा सगळ्यात मोठा धडा मला इथे दिसतो. प्रतीक बोट दाखवतं. बोट ज्याच्याकडे आहे तिकडे बघायचं. बोटालाच धरून बसलो, तर ज्या सापाने वाचवलं तोच साप मूर्ती होतो. मग ती मूर्ती पितळेची असो, एखाद्या आकड्याची असो, नाहीतर एखाद्या लाडक्या वक्त्याने काढलेल्या अर्थाची असो.

आधी धाबं, मग अर्थ

आता पद्धत बघू. चर्चच्या इतिहासात पाचव्या शतकाच्या सुरुवातीला योहान कॅसियन नावाच्या मठवासीयाने वचनाचे चार अर्थ सांगितले, आणि मध्ययुगात ते सगळीकडे शिकवले गेले. एक, काय घडलं. दोन, त्यात ख्रिस्त आणि मंडळी कुठे दिसते. तीन, मी कसं वागावं. चार, आशा कशाची ठेवावी. पुढे लूथर, कॅल्व्हिन या सुधारकांनी ओढूनताणून काढलेल्या रूपकांवर कडक टीका केली आणि साध्या अर्थाला पहिला मान दिला. पण त्यांच्याही आधी, तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने बजावलं होतं की शिकवण सिद्ध करायची तर ती साध्या अर्थावरूनच करायची. म्हणजे कॅथलिक असो की प्रॉटेस्टंट, पाया एकच: पहिला मजला बांधल्याशिवाय दुसरा चढायचा नाही.

हे चारही एका गोष्टीवर लावून बघू. मार्क २:१–१२. कफर्णहूम गाव, येशू घरात आहे, दारापर्यंत गर्दी. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घेऊन येतात. आत जाता येत नाही. ते छप्पर उकरतात आणि बाज खाली सोडतात.

मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. छप्पर कसं उकरणार? पण ज्यांनी आपल्याकडची जुनी धाब्याची घरं पाहिलीत, त्यांना लगेच चित्र दिसतं. लाकडी सऱ्या, वर फळ्या नाहीतर काटक्या, त्यावर मातीचा जाड थर. बाहेरून जिना. उन्हाळ्यात रात्री वर झोपायचं, कुरडया-पापड वर वाळवायचे. गालीलातली घरंही साधारण अशीच, सपाट मातीच्या छपराची होती. म्हणून मार्क 'उकरलं' असा शब्द वापरतो. आणि मजा बघा, लूक ५:१९ मध्ये हीच गोष्ट सांगताना लूक कौलं काढल्याचं म्हणतो. बहुतेक त्याच्या वाचकांच्या गावात कौलारू घरं असावीत. ऐकणाऱ्याला कळेल अशा घरातून गोष्ट सांगायची, हे शुभवर्तमानात आधीच सुरू झालं होतं.

आता पहिला अर्थ, काय घडलं. धाबं उकरलं म्हणजे खाली बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडली असणार. घराच्या मालकाचं नुकसान झालं. पावसाळ्याआधी ते पुन्हा लिंपावं लागणार. चौघांनी हा सगळा त्रास दुसऱ्या कुणासाठी घेतला. हे नीट पाहिलं नाही, तर पुढचं काहीच लागत नाही.

दुसरा अर्थ, ख्रिस्त कुठे दिसतो. येशू पहिल्यांदा 'चाल' म्हणत नाही, 'तुझ्या पापांची क्षमा झाली' असं म्हणतो. शास्त्री चिडतात, कारण हा देवाचा अधिकार. म्हणजे गोष्ट फक्त पायांची नाही, येशू कोण आहे याची आहे.

तिसरा अर्थ, मी काय करावं. पाचव्या वचनात लिहिलंय की येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला. त्यात बाज उचलणारे आलेच. आपल्या वर्गात, हॉस्टेलवर, नाहीतर एमआयडीसीत सोबत काम करणारा एखादा मित्र आतून मोडलाय, प्रार्थना करायचीही ताकद नाही. तेव्हा त्याला विश्वासावर लेक्चर द्यायचं नसतं, बाजेचा एक कोपरा धरायचा असतो.

चौथा अर्थ, आशा. येशू त्याला 'ऊठ' म्हणतो. मूळ ग्रीकमध्ये इथे जे क्रियापद आहे, तेच पुढे येशू मेलेल्यांतून उठला हे सांगताना येतं. म्हणजे या छोट्या उठण्यात मोठ्या उठण्याची चाहूल आहे.

चारही अर्थ एकाच गोष्टीतून निघाले, एकाने दुसऱ्याला खोडलं नाही. आणि बाजेच्या चार कोपऱ्यांना चार वेद, चार दिशा, चार तत्त्वं असं काही चिकटवायची गरज पडली नाही. माणसं चार होती कारण बाज उचलायला चार लागतात.

शेतातली प्रतीकं: कुठे मदत होते, कुठे जपायचं

खानदेशातल्या माणसाला येशूचे दाखले सोपे जातात, कारण त्यात शेत आहे. पण शेत आपलं नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं.

पेरणाऱ्याचाच दाखला घ्या. आपण ज्वारी-बाजरी पाभरीने ओळीत पेरतो, कपाशीची सरकी हाताने टोकतो. मग वाटेवर, खडकाळीवर, काट्यांत बी टाकणारा हा शेतकरी येडा वाटतो. पण तिकडे बी मुठीने फोकून टाकायची रीत होती, त्यामुळे थोडं इकडे-तिकडे पडणारच. आणि एकदा ते कळलं की दाखल्याचा सूर कळतो: हा पेरणारा हात आखडत नाही. ज्या मनात काही उगवेल असं वाटत नाही, तिथेही तो मूठ उघडतो. आपल्याकडे पाऊस यायच्या आधी कोरड्यात धूळपेरणी करणारा शेतकरी हे जास्त समजू शकेल. बियाणं महाग, ढगाचा पत्ता नाही, तरी तो बी मातीत टाकतो.

दुसरं, योहान १५, द्राक्षवेल. आपल्याकडे केळी आणि कपाशी, पण शेजारी नाशिकला जाऊन बघा. द्राक्षबागेची वर्षात दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणी झालेली बाग पाहिली तर वाटतं, मालकाने बाग मोडली. पण त्यातूनच पुढची काडी तयार होते. येशू म्हणतो की फळ देणाऱ्या फाट्याचीही पिता छाटणी करतो. मूळ भाषेत 'छाटणं' आणि 'स्वच्छ करणं' हे एकाच शब्दात आहे, म्हणून लगेच तिसऱ्या वचनात तो शिष्यांना 'तुम्ही शुद्ध झालाच आहात' असं सांगतो. इथे आपल्या शेजारच्या बागेने वचन उलगडायला मदत केली.

आता केळी. रावेर-यावलचं कुणीही सांगेल: केळीचं झाड एकदाच घड देतं, मग ते कापतात, आणि बुंध्याशी आलेल्या पिलावर पुढची पिलबाग उभी राहते. एखाद्या तरुण उपदेशकाने हे योहान १२:२४ शी जोडलं, गव्हाचा दाणा मातीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. सुंदर उपमा आहे. खुशाल द्या. पण ती उपमा *आपली* आहे. बायबलमध्ये केळी नाही. उद्या कुणी म्हणालं की घडात इतक्या फण्या, म्हणजे देवाच्या इतक्या आज्ञा, तर तिथे हात जोडून थांबायचं. वचनाचा अर्थ वेगळा आणि तो अर्थ पोचवायला आपण वापरलेलं भांडं वेगळं.

मराठीत हे काम चारशे वर्षांपासून चालू आहे. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा मराठीत, ओवीत, पुराणाच्या घाटात लिहिली, आणि ते 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्त सांगितला, आणि त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं. भांडं मराठी, आतलं पाणी वचनाचं. हेच काम आज नवापूर-साक्रीकडे कुणी मावचीत करतं, अमळनेर-पारोळ्याकडे कुणी अहिराणीत.

प्रतीक कुठे घात करतं

आता अवघड भाग. तीन ठिकाणी सांभाळायचं.

*एक: अर्थ काढता काढता आज्ञा हरवते.*

चांगल्या शोमरोन्याचा दाखला, लूक १०. ऑगस्टिनसारख्या थोर माणसाने त्याचं पूर्ण रूपक केलं: वाटेत लुटला गेलेला म्हणजे आदाम, लुटारू म्हणजे सैतान, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी, आणि उतारशाळेचा मालक म्हणजे पौल. ख्रिस्ताने मला रस्त्यावरून उचललं, हे मनाला भिडतं, आणि खोटंही नाही. पण येशूने गोष्ट संपवताना काय म्हटलं? 'जा आणि तूही तसंच कर.' सगळी पात्रं स्वर्गात नेऊन बसवली तर रस्त्यावर पडलेला माणूस तिथेच राहतो.

यरुशलेम ते यरीहो हा सुमारे हजार मीटर उताराचा, निर्जन, वळणांचा रस्ता. आपला कन्नड घाट डोळ्यांपुढे आणा. आणि धुळ्याला तर मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर असे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. रात्री दुचाकीचा अपघात झालेला दिसतो. माणसं थांबत नाहीत, कारण भीती: पोलीस, कोर्ट, नसती भानगड. इथे एक माहिती पक्की लक्षात ठेवा. भारताच्या कायद्यात मदत करणाऱ्याला याच दाखल्यावरून नाव दिलंय, 'गुड समॅरिटन'. सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये याबद्दलच्या सूचनांना बंधनकारक केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, आणि त्याच्यावर स्वतःचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही. १०८ ला फोन करा, थांबा, मदत करा. संसदेच्या कायद्यात येशूच्या दाखल्याचं नाव आहे आणि आपणच गाडी पुढे काढली, असं व्हायला नको.

*दोन: प्रतीकाचा निकाल होतो.*

कपाशीला गुलाबी बोंडअळी लागली, केळीवर सीएमव्ही व्हायरस आला, आणि कुणीतरी योएलाच्या पुस्तकातले टोळ दाखवून त्या घराला म्हणतं, "बघा, तुमच्या पापाचं फळ." ज्याचं पीक गेलंय, डोक्यावर कर्ज आहे, त्याच्या मानेवर हे आणखी एक ओझं. हे बायबल वाचणं नव्हे. ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं होतं आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला, ईयोब ४२:७. लूक १३:४ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली होती. येशू सरळ विचारतो, ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती का? आणि स्वतःच सांगतो, नाही. पश्चात्तापाचं बोलावणं तो ऐकणाऱ्या सगळ्यांना देतो, मेलेल्यांवर बोट रोखत नाही. योहान ९ मध्ये जन्मापासून आंधळ्या माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप कुणाचं, ह्याचं की आई-बापाचं? उत्तर पुन्हा तेच: ह्याचंही नाही, त्यांचंही नाही.

आजारपणाचंही तसंच. रात्रीच्या लाइटीला शेतात पाणी भरायला गेलेल्या माणसाला साप चावतो, हे आपल्याकडे दर पावसाळ्यात ऐकू येतं. अशा वेळी 'पितळेच्या सापाकडे बघ, विश्वास ठेव' म्हणत घरी बसवणं म्हणजे जिवाशी खेळ. प्रार्थना गाडीत बसून करा, पण गाडी प्रतिविष मिळेल अशा सरकारी दवाखान्याकडे जाऊ द्या. आठवा, ज्या हिज्कीयाने पितळेचा साप फोडला, तोच पुढे आजारी पडला, त्याने रडून प्रार्थना केली, देवाने ऐकली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगितला. २ राजे २०:७. लूक स्वतः वैद्य होता, कलस्सै ४:१४. बीपीची, फिटची, शुगरची गोळी बंद करणं हा विश्वासाचा पुरावा आहे असं बायबल कुठेच म्हणत नाही. असं सांगणारा कितीही गोड बोलत असला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.

*तीन: आकड्यांचा नाद.*

बायबलमध्ये काही आकडे खरंच बोलतात. चाळीस: प्रलयाचा पाऊस, मोशे डोंगरावर, रानातली वर्षं, येशूचा उपास. पुन्हा पुन्हा येतो म्हणून त्याला परीक्षेचा, तयारीचा सूर आहे. बारा वंश आणि बारा प्रेषित, हेही उघड आहे. पण योहान २१:११ मध्ये जाळ्यात १५३ मासे आले. ऑगस्टिनने गणित मांडलं, एक ते सतरा बेरीज केली की १५३ होतात, आणि त्यातून अर्थ काढला. गणित बरोबर आहे, करून बघा! पण तापीकाठच्या कुणा मासेमारी करणाऱ्याला विचारा, तो म्हणेल, "एवढं मोठं जाळं भरलं, मग मोजणारच ना!" कदाचित तोच बरोबर असेल. कोळी होते, मासे मोजले, आकडा लक्षात राहिला. जिथे वचन गप्प आहे तिथे आपणही थोडं गप्प राहिलेलं चालतं.

फॉरवर्ड करण्याआधी पाच प्रश्न

एखादा आतला अर्थ ऐकला, आवडला, स्टेटसला लावावासा वाटला, तर आधी हे विचारा. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. मी गोष्ट पूर्ण वाचली का? आधीचा आणि नंतरचा परिच्छेदसुद्धा? रीलमध्ये एकच वचन असतं.

२. बायबल स्वतः कुठे हा अर्थ सांगतं का? योना, मान्ना, वल्हांडणाचं कोकरू, पितळेचा साप यांचा अर्थ नव्या करारात आहे. गल्याथाच्या पाच गोट्यांचा नाही.

३. हा अर्थ साध्या अर्थाच्या विरुद्ध जातो का? जात असेल तर सोडून द्या.

४. यातून देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढते का? हा निकष ऑगस्टिनचाच आहे. तो म्हणायचा की ज्या अर्थाने ही दुहेरी प्रीती उभी राहत नाही, तो लावणाऱ्याला वचन अजून समजलेलं नाही. म्हणजे त्याच्या रूपकांना तपासायचं मापही त्यानेच देऊन ठेवलंय.

५. हा अर्थ दुःखात असलेल्या माणसासमोर बसून, त्याच्या डोळ्यांत बघून मला सांगता येईल का? येत नसेल तर ग्रुपवरही टाकू नका.

आणि एक जोड: एकट्याने वाचलेलं मंडळीत बोलून बघा. आपल्या पास्टरांना, फादरांना विचारा. आजीलाही विचारा. शाळा न पाहिलेल्या कितीतरी आज्यांना दाखल्यातलं शेत आपल्यापेक्षा जास्त कळतं.

या आठवड्याचा गृहपाठ

मार्क २:१–१२ तीन दिवस वाचा, रोज पाच मिनिटं. पहिल्या दिवशी फक्त बघा: घर कसं, गर्दी किती, माती कुठे पडली. दुसऱ्या दिवशी येशूचं प्रत्येक वाक्य हळू वाचा. तिसऱ्या दिवशी एकच प्रश्न: आज माझ्या ओळखीत बाजेवर कोण आहे? नाव आठवलं की फोन लावा. मेसेज नको, फोन.

आणि जमलं तर ही गोष्ट घरी अहिराणीत, मावचीत, लेवा बोलीत, जी तुमची बोली असेल तिच्यात सांगा आणि व्हॉइस नोट पाठवा. धाब्याला तुमच्या बोलीत काय म्हणतात, तेही सांगा.

पुढच्या भागात विहीर. योहान ४, शोमरोनी बाई, भर दुपारची वेळ, आणि पाणी कुणी कुणाच्या हातचं प्यायचं हा प्रश्न. आपल्या गावांनाही तो प्रश्न चांगलाच माहीत आहे.

तोवर सलाम मंडळी, भेटू.